विंडोज ७ च्या जुन्या लॅपटॉपवर वायफाय आणि लॅन चालू करणं: आधी कार्डाचा नंबर, मग ड्रायव्हर

दिवाळीच्या तोंडावर जिनिंगवाले कापसाची खरेदी सुरू करतात आणि त्याच सुमारास माझ्या दुकानात तोलकाट्यावरचे लॅपटॉप यायला लागतात. चोपडा, धरणगाव, पारोळा, बोदवड, गाव कोणतंही असो, कहाणी एकच. काट्याचं सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षांपूर्वी विंडोज ७ वर बसवलेलं. ज्याने बसवलं तो आता फोन उचलत नाही, म्हणून विंडोज १० टाकायची सोय नाही. लॅपटॉप मंदावला, कोणीतरी फॉरमॅट मारला, विंडोज ७ परत टाकलं आणि नेट गेलं. "भाऊ, वायफाय दिखत नही." मग मालकाचा पुतण्या मोबाइलवर 'वायफाय ड्रायव्हर', म्हणजे लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, शोधतो आणि सापडेल ते पेन ड्राइव्हने टाकत सुटतो. लॅपटॉप माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्यात सहा निरुपयोगी ड्रायव्हर आणि दोन 'ड्रायव्हर अपडेटर' असतात. नेट नसतं.

चूक दरवेळी तीच. कार्ड कोणतं आहे हे न बघताच ड्रायव्हर शोधायला निघणं. लॅपटॉपच्या मॉडेलवरून कार्ड कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये एकात ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड निघतं, दुसऱ्यात एथेरॉसचं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. आणि हे सगळं विंडोज ७ साठी आहे. एक्सपीवर बऱ्याच गोष्टी वेगळ्या आहेत, ते इथे मिसळत नाही.

टप्पा १: फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप अजून फॉरमॅट झाला नसेल तर तुम्ही नशीबवान. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर आणि त्याच्या आत फाइलरिपॉझिटरी नावाचं फोल्डर असतं. ते अख्खं पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. आज चालू असलेल्या कार्डाचा ड्रायव्हर त्यातच आहे. पुढे कुठे शोधाशोध करावी लागणार नाही.

विंडोज परत टाकलंय, पण टाकताना ड्राइव्ह पुसला नव्हता? मग सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर आहे का बघा. त्याच्या आतही वरच्याच वाटेने गेलं की तेच फाइलरिपॉझिटरी सापडतं. लोक हे फोल्डर 'जागा खातं' म्हणून सगळ्यात आधी उडवतात. नेट चालू होईपर्यंत त्याला हात लावू नका.

सामान फार लागत नाही. एक पेन ड्राइव्ह, एक लॅनची (राउटरला जोडायची) वायर, एक अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल. केबल नीट बघून घ्या. स्वस्त चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. अशा केबलने फोन चार्ज होतो पण लॅपटॉपला दिसत नाही, आणि माणूस अर्धा तास ड्रायव्हरला शिव्या घालत बसतो. दुसरा कॉम्प्युटर जवळ नसला तरी अडत नाही. फोनवर फाइल उतरवून केबलने लॅपटॉपमध्ये घेता येते.

> सावधान: विंडोज ७ ला यूएसबी ३ ची स्वतःची ओळख नाही. निळ्या पोर्टमध्ये लावलेला पेन ड्राइव्ह दिसला नाही तर तो खराब समजू नका. काळ्या पोर्टमध्ये लावा.

टप्पा २: विंडोजला काय दिसतंय ते बघा

'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, मॅनेज, मग डिव्हाइस मॅनेजर. 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळ्या खुणेची यादी दिसेल. घोळ इथेच सुरू होतो, कारण यादीतली नावं फसवी आहेत. 'नेटवर्क कंट्रोलर' म्हणजे वायफाय. 'इथरनेट कंट्रोलर' म्हणजे लॅनची वायर लागते ते. आपल्याला हे दोनच हवेत.

बाकीचे आत्ता सोडून द्या. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' हे नाव वाचून लोकांना वाटतं की हेच नेटचं कार्ड. ते बहुतेक वेळा इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचं असतं, नेटशी त्याचा संबंध नाही. 'बेस सिस्टम डिव्हाइस' बहुधा मेमरी कार्ड रीडर असतो. 'एसएम बस कंट्रोलर' चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपांचा. तोलकाट्याच्या लॅपटॉपवर आणखी एक पाहुणा असतो, 'यूएसबी-सिरियल कंट्रोलर' किंवा 'यूएसबी२.०-सिरियल'. तो काट्याच्या इंडिकेटरला जोडणारा कन्व्हर्टर. त्याला आत्ता छेडू नका.

आता 'नेटवर्क कंट्रोलर' यादीत नाहीच, आणि वरच्या 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्येही वायफायचं नाव नाही, असं झालं तर ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. विंडोजला कार्डच दिसत नाहीये. आधी हे तपासा:

लॅपटॉपच्या पुढच्या किंवा बाजूच्या कडेला सरकवायचं छोटं बटण असतं, अनेक थिंकपॅडवर आणि जुन्या एचपीवर हमखास. ते बंदकडे सरकलेलं असतं. बॅगेत ठेवता-काढताना सरकतं, कोणाला कळतही नाही. बटण नसेल तर वरच्या ओळीत अँटेनाचं चित्र असलेली की शोधा आणि एफएनसोबत दाबा. मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वायरलेस 'एनेबल्ड' आहे का बघा. एवढं करूनही काही नाही, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आणि परत चालू करा. गमतीचं वाटेल, पण अडकून बसलेलं कार्ड यानेही जागं होतं.

*तपासा:* पिवळी खूण असलेलं 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'इथरनेट कंट्रोलर' दिसतंय का? दिसत असेल तर पुढे. खूण नाही पण 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये कार्डाचं नाव आहे, तर टप्पा ६. दोन्हीकडे नसेल तर थेट टप्पा ७.

टप्पा ३: कार्डाचा नंबर उतरवून घ्या

त्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. खाली लांबलचक ओळी येतील. पहिल्या ओळीत 'व्हेन'पुढे चार अक्षरं आणि 'डेव्ह'पुढे चार अक्षरं असतात. व्हेन म्हणजे चिप बनवणारी कंपनी, डेव्ह म्हणजे त्या कंपनीची कोणती चिप. ही आठ अक्षरं वहीत लिहा किंवा स्क्रीनचा फोटो काढा.

रोज बघून मला काही पाठ झालेत. ८०८६ म्हणजे इंटेल. १०ईसी रियलटेक. १४ई४ ब्रॉडकॉम. १६८सी एथेरॉस. १८१४ रॅलिंक. जुन्या लॅपटॉपवर १०ईसी-८१६८ खूप दिसतं, ते रियलटेकचं गिगाबिट लॅन. १०ईसी-८१३६ हे त्याचंच शंभर एमबीपीएसवालं धाकटं भावंड. वायफायमध्ये १६८सी-००२बी म्हणजे एथेरॉस एआर९२८५, आणि १४ई४-४३१५ म्हणजे ब्रॉडकॉम ४३१२. यूएसबीचं डोंगल असेल तर व्हेन-डेव्हच्या जागी व्हीआयडी आणि पीआयडी दिसतं. रीत तीच.

> सावधान: शून्य आणि इंग्रजी ओ, आठ आणि बी यांत गल्लत होते. या नंबरात ए ते एफ एवढीच अक्षरं असतात, ओ कधीच नसतो. हाताने लिहिण्यापेक्षा फोटो बरा.

टप्पा ४: विंडोजची जात

परत 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, आता प्रॉपर्टीज. 'सिस्टम टाइप'समोर ३२-बिट आहे की ६४-बिट, आणि वर 'सर्व्हिस पॅक १' लिहिलंय का, हे दोन बघा. प्रोसेसरवर ६४ चा स्टिकर असला तरी आत विंडोज ३२ चं असू शकतं. काट्याच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी लोक मुद्दाम ३२ टाकतात. ३२ चा ड्रायव्हर ६४ वर चालत नाही, ६४ चा ३२ वर नाही. यात मधला मार्ग नाही.

सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी काढलेला अपडेटचा गठ्ठा) नसेल तर आधी तो टाका. पेन ड्राइव्हवरून टाकता येतो, नेट लागत नाही. त्याशिवाय पुढचे काही अपडेट बसतच नाहीत, आणि त्यातले दोन आपल्याला लागू शकतात.

टप्पा ५: ड्रायव्हर मिळवणं आणि टाकणं

आधी लॅन, मग वायफाय. लॅनचा ड्रायव्हर सहसा सोपा असतो, आणि एकदा वायरवर नेट आलं की वायफायचा ड्रायव्हर त्याच लॅपटॉपवर उतरवता येतो. चिपसेटचा ड्रायव्हर सगळ्यात आधी टाकलाच पाहिजे असा आग्रह बरेच जण धरतात. बोर्डावरच्या लॅन किंवा वायफाय कार्डासाठी त्याच्यावाचून सहसा अडत नाही. वेळ असेल तर टाका.

वायर नाही, राउटर नाही, शेतातल्या काट्याच्या खोलीत बसलाय, तर फोन कामाला लावा. डेटा केबलने फोन जोडा आणि सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज ७ बहुतेक वेळा फोनला आपोआप नेटवर्क कार्ड म्हणून घेतं. घेतलं नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आरएनडीआयएस' पिवळ्या खुणेने दिसलं, तर त्याच्यावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर सॉफ्टवेअर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक'. प्रकारात 'नेटवर्क अडॅप्टर्स', कंपनीत मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन, आणि यादीतून 'रिमोट एनडीआयएस बेस्ड इंटरनेट शेअरिंग डिव्हाइस'. हा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पोटातच आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. नेटशिवाय ड्रायव्हर मिळत नाही आणि ड्रायव्हरशिवाय नेट मिळत नाही, ही गाठ मी बहुतेक वेळा अशीच सोडवतो.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा? पहिली जागा लॅपटॉप कंपनीचं सपोर्ट पान. डेलला सर्व्हिस टॅग, एचपीला प्रॉडक्ट नंबर, आणि विंडोज ७ निवडा. तिथे वायफायचे तीन-चार ड्रायव्हर दिसतील. लोक सगळे उतरवतात आणि एकामागोमाग टाकतात. तसं करू नका. टप्पा ३ मध्ये लिहिलेल्या कंपनीचा जो असेल तो एकच घ्या.

तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग. शोधायच्या चौकटीत हार्डवेअर आयडीचा व्हेन-डेव्हपर्यंतचा भाग जसाच्या तसा टाकला की विंडोज ७ चे ड्रायव्हर समोर येतात. तिथून येणारी फाइल कॅब प्रकारची असते आणि डबल क्लिक करून इन्स्टॉल होत नाही. तिच्यातल्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये काढून घ्याव्या लागतात. सेव्हन-झिप ते करतं.

> सावधान: 'तुमचे १७ ड्रायव्हर जुने झालेत' म्हणून ओरडणारं काहीही टाकू नका. मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण बहुधा जाहिरातीचं असतं.

आता टाकायचं कसं. सेटअपची फाइल असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. झिप असेल तर आधी बाहेर काढा. झिपच्या आतूनच सेटअप चालवणं ही दुसऱ्या नंबरची चूक, सेटअपला बाजूच्या फाइली सापडत नाहीत आणि तो अर्धवट मरतो. सेटअप नाही, नुसतं फोल्डर आहे, तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'अपडेट ड्रायव्हर सॉफ्टवेअर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', फोल्डर दाखवा आणि 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर खूण ठेवा. टप्पा १ मधलं फाइलरिपॉझिटरीही इथे असंच दाखवायचं. विंडोज त्यातून योग्य तो ड्रायव्हर स्वतः उचलतं.

*तपासा:* पिवळी खूण गेली का, आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली कार्डाचं खरं नाव आलं का? आलं तर टप्पा ६. खूण राहिली तर प्रॉपर्टीजमध्ये 'डिव्हाइस स्टेटस' वाचा. तिथे कोड असतो.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलाच नाही. नंबर परत जुळवा. कोड २२ म्हणजे कार्ड बंद करून ठेवलंय, राइट क्लिक करून 'एनेबल'. कोड १० म्हणजे ड्रायव्हर बसला पण कार्ड सुरू होत नाही. बऱ्याचदा आधी टाकलेल्या चुकीच्या ड्रायव्हरची ही उरलेली घाण असते. 'अनइन्स्टॉल' करताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर' या चौकोनात खूण करा, रीस्टार्ट करा, मग योग्य ड्रायव्हर टाका. ती खूण केली नाही तर रीस्टार्टनंतर विंडोज तोच जुना ड्रायव्हर प्रेमाने परत बसवतं.

कोड ५२ जरा वेगळा. ड्रायव्हर बरोबर असतो, पण त्याच्यावरची डिजिटल सही नव्या पद्धतीची, एसएचए-२ ची असते आणि ताज्या टाकलेल्या विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. यावर उपाय म्हणजे केबी ३०३३९२९ आणि केबी ४४७४४१९ हे अपडेट. दोन्हींना सर्व्हिस पॅक १ लागतो. एफ८ दाबून 'डिसेबल ड्रायव्हर सिग्नेचर एन्फोर्समेंट' निवडायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो फक्त त्या एका बूटपुरता चालतो. दुसऱ्या दिवशी काट्यावर गाडी उभी असताना नेट परत गेलेलं असेल.

टप्पा ६: कार्ड चालू, तरी नेट नाही

हा टप्पा मला सगळ्यात जास्त वेळ खातो, कारण इथे आल्यावर लोक परत ड्रायव्हरशी खेळायला लागतात. ड्रायव्हरचं काम झालंय. आता त्याला सोडा.

वायफाय चालू आहे, शेजाऱ्याचं नेटवर्क दिसतं, आपलंच दिसत नाही? जुनी कार्डं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर ते त्यांना दिसणारच नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदला. राउटर असेल तर चॅनेलही बघा. आपल्याकडे राउटर चॅनेल १२ किंवा १३ वर जाऊ शकतो, पण अमेरिकेच्या नियमाने सेट केलेली कार्डं ११ च्या पुढे बघत नाहीत. चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी जोडलं जात नाही? सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ असेल. विंडोज ७ ला ती येत नाही. डब्ल्यूपीए२ करा. हॉटस्पॉटचं नाव मराठीत किंवा इमोजी लावून ठेवलं असेल तर तेवढ्यापुरतं साधं इंग्रजी करून बघा.

कोणतंच नेटवर्क दिसत नसेल आणि कार्ड ठीक असेल, तर सर्व्हिसेसमध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहे का बघा. लॅपटॉप 'फास्ट' करून देणारी सॉफ्टवेअरं ती बंद करून ठेवतात.

जोडलं गेलं, पण पुढे काही नाही? नेटवर्कच्या 'डिटेल्स'मध्ये आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये दोन्हीकडे 'ऑटोमॅटिकली' निवडा. फॉरमॅट न केलेल्या लॅपटॉपवर हे विशेष बघा. कधीकाळी कोणीतरी ऑफिसच्या प्रिंटरसाठी पत्ता हाताने टाकलेला असतो आणि तो तसाच राहतो.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहा, एक जागा सोडून ८.८.८.८ हा पत्ता टाका. उत्तर आलं तर नेट चालू आहे. इथे थांबा आणि मान्य करा की चालू आहे. कारण यानंतर लोक इंटरनेट एक्सप्लोरर उघडतात, पान उघडत नाही, आणि कार्ड परत खराब ठरतं. ताज्या विंडोज ७ मधल्या एक्सप्लोरर ८ ला आजच्या सुरक्षित साइट उघडताच येत नाहीत. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही आवृत्ती विंडोज ७ वर चालते. ती दुसरीकडून उतरवून पेन ड्राइव्हने आणा. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९.

आणि घड्याळ बघा. मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि प्रत्येक साइट 'सर्टिफिकेट चुकीचं' म्हणते. तारीख दुरुस्त केली की सगळं उघडतं. सेल बदलला नाही तर चार्जर काढून ठेवल्यावर उद्या परत तेच.

> सावधान: विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत. या लॅपटॉपवर बँकेचं काम करू नका. काट्याच्या पावत्या पाठवायच्या तेवढ्यापुरतं नेट जोडा.

मध्येच नेट तुटतंय अशी तक्रार असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली पहिली खूण काढा. वीज वाचवायला विंडोज कार्ड झोपवतं आणि ते दरवेळी उठतंच असं नाही.

टप्पा ७: कार्ड खरंच गेलं असेल तर

खात्री करायची सोपी रीत आहे. पेन ड्राइव्हवरून कोणतंही हलकं लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टम) चालवा, हार्ड डिस्कला हात न लावता. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड दिली की बोर्डाला दिसणाऱ्या पीसीआय कार्डांची यादी येते. तिथेही वायफाय नसेल तर दोष विंडोजचा नाही. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर लिनक्समध्ये वायफाय चालणार नाही कदाचित, पण यादीत नाव येईल. आपल्याला नावाशीच मतलब आहे.

उघडण्याआधी बॅटरी काढा. जिनिंगमधल्या लॅपटॉपमध्ये रुईची धूळ इतकी बसलेली असते की कधी कधी कार्ड काढून, टोकं पुसून, परत बसवणं एवढ्यानेच काम होतं. अँटेनाच्या दोन बारीक तारा सरळ वर उचलायच्या, ओढायच्या नाहीत. कोणती कुठे होती त्याचा फोटो काढा.

नवीन कार्ड टाकायचं तर एक अडचण आहे. थिंकपॅड आणि एचपीच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपचं बायोस ठरावीक कार्डंच घेतं. दुसरं लावलं तर थिंकपॅड १८०२ आणि एचपी १०४ असा एरर दाखवून तिथेच थांबतो. मी म्हणून या भानगडीत पडत नाही. विंडोज ७ चा ड्रायव्हर सोबत येणारं छोटं यूएसबी डोंगल घेतो. डब्यावर विंडोज ७ लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका.

डोंगल लावताना काट्याचा सिरियल कन्व्हर्टर ज्या पोर्टमध्ये आहे तिथून हलवू नका. पोर्ट बदलला की त्याचा कॉम नंबर (सॉफ्टवेअर काट्याला ज्या नंबरवर शोधतं तो) बदलू शकतो, मग काटा वजन दाखवतो आणि सॉफ्टवेअर शून्य दाखवतं. नेट दुरुस्त करायला आलेला माणूस काटा बंद पाडून जातो तो असा.

सगळं चालू झालं की चाललेल्या ड्रायव्हरचं फोल्डर डी ड्राइव्हमध्ये ठेवा आणि टप्पा ३ मधला नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून बॅटरीखालच्या जागेत चिकटवा. पुढच्या हंगामात लॅपटॉप परत फॉरमॅट होणारच आहे.